सरकारने बंदूक नेली तर विमा मिळतो का, आणि ती परत कशी मिळवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका आंबा-काजू बागायतदाराच्या ७२ वर्षांच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची दोनाली बंदूक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, बीट अंमलदाराचा फोन आला आणि वडिलांनी बंदूक ठाण्यात नेऊन दिली. निकालानंतर परत मागायला गेले, तर ‘अजून वरून आदेश नाही’. तेवढ्यात बांधावरून शेजाऱ्याशी वाजलं. ‘गोळी घालीन’ अशी धमकी दिल्याची तक्रार त्याने केली, गुन्हा दाखल झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना निलंबित केला. मधल्या काळात बंदूक एकदा पाहायला मिळाली, तेव्हा नळ्यांवर गंज आणि दस्त्याला चीर. घराच्या विम्याखाली केलेला दावा कंपनीने फेटाळला. मुलगा विचारतो: विम्याचे पैसे मिळवता येतील का? आणि बंदूक परत मिळवायचा रस्ता कोणता?

विम्याचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देतो. नाही मिळणार. त्यासाठी वकिलावर पैसे घालवू नका.

कारण असं की आगीच्या, घराच्या, घरफोडीच्या जवळपास प्रत्येक पॉलिसीत अपवादांच्या यादीत एक वाक्य असतं. सरकारच्या किंवा कायदेशीर अधिकार असलेल्या कुणाच्या आदेशाने झालेली जप्ती, अधिग्रहण, तात्पुरता किंवा कायमचा ताबा जाणं, आदेशाने केलेला नाश, यातून होणारं नुकसान आम्ही देणार नाही, असा त्याचा आशय. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी देणं बंधनकारक झालं तिच्यातही हा मुद्दा आहे; दंगल-संपाच्या संरक्षणाला जोडून तो लिहिला आहे. त्यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. विमा असतो तो अचानक ओढवलेल्या संकटाचा. सरकारने अधिकार वापरून वस्तू ताब्यात घेणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचा झगडा सरकारशीच करायचा असतो.

‘पण मी जप्तीचे नाही, गंजाचे पैसे मागतोय,’ असं तुम्ही म्हणाल. तो दावाही दोन ठिकाणी अडेल. एक, हळूहळू होणारी झीज, गंज, बुरशी हे सगळं अपवादातच असतं. दोन, घरातल्या सामानाचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो. पोलीस ठाणं हा तुमचा पत्ता नव्हे.

तरी कंपनीचं नकाराचं पत्र नीट वाचा. त्यात पॉलिसीतलं नेमकं कलम दिलंय का? दिलं नसेल तर लेखी मागा. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि जी अट विमा विकताना ग्राहकाला दाखवलीच नाही तिच्या आड कंपनीला लपता येत नाही. मॉडर्न इन्सुलेटर्सच्या २००० सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आणि टेक्स्को मार्केटिंगच्या २०२२ च्या निकालात आणखी ठणकावून सांगितलं. तुम्हाला पॉलिसीची अटींची पुस्तिका कधी मिळालीच नसेल, फक्त एका पानाचं तपशीलपत्रक (शेड्यूल) मिळालं असेल, तर विमा लोकपालाकडे तक्रार करायला हरकत नाही. ती फुकट आहे, वकील लागत नाही, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत तेवढी सांभाळा. पण खरं सांगायचं तर झीज आणि पत्ता हे दोन्ही मुद्दे तिथेही तुमच्या विरोधातच जातील. गेला तर एक अर्ज जाईल, एवढ्याच अपेक्षेने करा.

बंदुकीचा विमा कधी मिळतो हेही सांगून टाकतो, कारण बऱ्याच परवानाधारकांना वाटतं की घराचा विमा आहे म्हणजे बंदूकही त्यात आली. ‘भारत गृह रक्षा’त चोरीचं संरक्षण आग, पूर, दंगल यांसारखी घटना घडल्यावर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतंच असतं. नुसती घरफोडी झाली आणि बंदूक गेली, तर त्यात काही नाही. त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा किंवा मौल्यवान वस्तूंची यादी जोडून घेतलेलं संरक्षण लागतं, आणि त्या यादीत बंदूक मेक आणि क्रमांकासह लिहिलेली असावी लागते. काही सरकारी विमा कंपन्या बंदुकीचा स्वतंत्र विमाही देतात. दावा आला की कंपनी पहिल्यांदा परवाना चालू होता का हे बघते, मग चोरीची फिर्याद कधी दिली, मग बंदूक कुलपात होती का. यातलं एक जरी लंगडं असलं तरी दावा अडकतो. परवान्याच्या अटींप्रमाणेही शस्त्र हरवल्याची खबर ताबडतोब द्यावी लागते, म्हणजे ‘दोन दिवस घरात शोधली’ हे कारण विमा कंपनीपुढेही चालत नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढेही.

आता कायद्याकडे. बंदूक नेली हे सगळे सांगतात. कोणत्या कलमाखाली नेली, हे विचारलं की शांतता. खरं म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये सरकारकडे शस्त्र जाण्याचे निदान पाच वेगळे दरवाजे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे.

कलम २१ म्हणजे जमा करणं: परवाना संपला, रद्द झाला, निलंबित झाला किंवा परवानाधारक वारला, तर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. कलम २२ खाली जिल्हा दंडाधिकारी कारणं लेखी नोंदवून घराची झडती घेऊ शकतात आणि परवाना चालू असला तरी, शांततेला धोका आहे या कारणाने, शस्त्र ठेवून घेऊ शकतात. कलम २४ केंद्र सरकारसाठी आहे. सर्वसाधारण माणसाचा त्याच्याशी संबंध येत नाही. कलम ३२ खाली शिक्षा झाल्यावर न्यायालय शस्त्र सरकारजमा करतं, पण अपिलात शिक्षा रद्द झाली की तो आदेशही आपोआप पडतो. पाचवा दरवाजा फौजदारी तपासाचा. गुन्ह्यात वापरल्याच्या संशयावरून पोलीस शस्त्र मुद्देमाल म्हणून जप्त करतात, आणि ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली होतं.

तुमच्या वडिलांची बंदूक यातल्या कुठल्याच दरवाजाने पहिल्यांदा गेली नाही. ती गेली एका फोनवर. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करण्याची पद्धत कोकणात इतकी अंगवळणी पडली आहे की लोक आचारसंहिता लागली की स्वतःहून पोत्यात गुंडाळून बंदूक घेऊन जातात. मग माकडं आणि रानडुकरं मोकाट, भात कापणीला आलेलं. पण नियम तसा नाही. सरसकट जमा करून घेण्याच्या आदेशांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि त्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये सूचना काढल्या. त्यांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस प्रमुख यांची छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी आणि विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सामील असलेले, अशांचे परवाने समितीने एकेक करून तपासायचे. ज्याचं शस्त्र जमा करायचं त्याला वैयक्तिक नोटीस द्यायची, ७ दिवस द्यायचे, रीतसर पावती द्यायची आणि निकाल लागल्यावर एक आठवडा संपला की शस्त्र परत करायचं. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. म्हणजे डिसेंबर उजाडताना बंदूक घरी यायला हवी होती.

माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागा: छाननी समितीच्या त्या काळातल्या बैठकीचं इतिवृत्त, आणि वडिलांच्या नावाने काढलेली नोटीस. बहुतेक ‘अशी नोंद आढळत नाही’ असं उत्तर येईल. ते उत्तर जपून ठेवा. कागद नसल्याचा सरकारी कागद न्यायालयात फार उपयोगी पडतो. त्यावरून डिसेंबर २०२४ पासून निलंबनाच्या तारखेपर्यंतचा ताबा कोणत्याही आधाराशिवाय होता, हे तुम्हाला दाखवता येईल.

निलंबनानंतरची गोष्ट वेगळी. तिथून पुढे परवानाच थांबलेला असल्याने बंदूक वडिलांच्या हातात देता येत नाही, आणि त्या दिवसापासून ठाण्यातला ताबा कलम २१ खालचा धरावा लागेल. म्हणून आधी निलंबन उठवायला हवं.

कलम १७(३) मध्ये परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणं दिली आहेत: धारक अपात्र ठरला, सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक, माहिती लपवून परवाना घेतला, अटी मोडल्या. बहुतेक आदेश ‘सार्वजनिक शांतता’ या एका शब्दप्रयोगावर उभे असतात. पण आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर धारकाला द्यावी लागतात. न देण्याची मुभा फक्त सार्वजनिक हिताच्या कारणाने आहे. गुन्हा नोंद झाला एवढ्यावरच परवाना जाऊ शकत नाही, त्यातून शांततेला धोका कसा पोहोचतो हे आदेशात दिसलं पाहिजे, असं वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. तुमच्या बाबतीत तर एक गोष्ट इतकी ठळक आहे की ती अपिलाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी. ज्या दिवशी गोळी घालण्याची धमकी दिली असं फिर्यादीत लिहिलंय, त्या दिवशी बंदूक पोलिसांच्या कपाटात होती. ठाण्याचं जमा रजिस्टर आणि फिर्यादीची प्रत, दोन्ही शेजारी शेजारी लावा.

कलम १८ खालचं अपील ३० दिवसांत करायचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे तुम्हाला बेलापूरच्या कोकण भवनात. (पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतले वाचक असतील तर आयुक्तांच्या आदेशावर अपील राज्य सरकारच्या गृह विभागाकडे जातं.) मुदत गेली असली तरी उशिराचं पटण्यासारखं कारण देऊन अपील दाखल करता येतं. वडिलांचं वय आणि आदेश हातात पडल्याची तारीख ही दोन्ही कारणं धरतात. आदेश रजिस्टर पोस्टाने आला असेल तर लिफाफा फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. आदेशाआधी नोटीस दिली होती का, म्हणणं मांडायला बोलावलं होतं का, हेही अपिलात घ्या. अपील फेटाळलं तर रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि सिंधुदुर्ग त्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतील.

एक सावधगिरी. गुन्हा दाखल झाल्यावर पोलिसांनी ठाण्यातलीच बंदूक त्या गुन्ह्यात ‘जप्त’ दाखवली नाही ना, हे दोषारोपपत्राच्या मुद्देमाल यादीत बघा. असं घडतं. घडलं असेल तर अर्ज कोर्टात करावा लागेल, सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. जुन्या दंडप्रक्रिया संहितेत यांचे क्रमांक ४५१ आणि ४५७ होते, आणि तालुक्याच्या कोर्टात अजूनही बरेच वकील तेच बोलतात. नव्या कलम ४९७ मध्ये मुदती आहेत: मुद्देमाल हजर केल्यावर कोर्टाने १४ दिवसांत त्याचं विवरण करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं आणि पुढे ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. सुंदरभाई अंबालाल देसाईच्या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल ठाण्यात फार तर १५ दिवस ते एक महिना राहावा असं सांगितलं होतं. गंमत म्हणजे त्या प्रकरणातले अर्जदार पोलीसच होते. ठाण्यातल्या मुद्देमालात अफरातफर केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. परवाना निलंबित असताना कोर्ट बंदूक सुपूर्दनाम्यावर वडिलांना देणार नाही हे उघड आहे. म्हणून मागणी अशी करा की बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या सुरक्षित ठेवीत हलवावी, खर्च आम्ही देऊ. ही मागणी नाकारायला कोर्टाकडे सहसा कारण नसतं.

विक्रेत्याकडे हलवण्याची हीच मागणी कलम २१ खालीही करा, तीही आजच. ते कलम ठाणं आणि विक्रेता असे दोन्ही पर्याय देतं आणि बहुतेकांना दुसरा माहीतच नसतो. विक्रेता महिन्याचं काही भाडं घेईल, पण तो बंदूक उघडून, पुसून, तेल लावून ठेवतो. ठाण्यात कोणाला वेळ आहे? मुद्देमाल खोलीत बंदुका भिंतीला टेकवून उभ्या असतात, ट्रिगर गार्डला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेला क्रमांक. कोकणातला एक पावसाळा गेला की त्या क्रमांकाची शाई पसरते आणि नळीत बोट फिरवलं की तपकिरी पूड निघते. काहीजण गंज येऊ नये म्हणून जमा करताना नळ्यांच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतात. तसं कधी करू नका, कापड दमट हवा धरून ठेवतं आणि नळी आतून खाल्ली जाते. आतून-बाहेरून तेल लावा आणि तोंडं मोकळी ठेवा.

आता गंज आणि चिरेचे पैसे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लोक विमा कंपनीशी भांडण्यात जी ताकद घालवतात, ती इथे लावली तर काहीतरी हाती लागतं.

जप्त किंवा जमा वस्तू सांभाळण्याची सरकारची जबाबदारी किती, यावर आपल्याकडे दोन धारा आहेत. एक कस्तुरीलाल रलियाराम जैन प्रकरणाची, १९६५ ची. १९४७ मध्ये मेरठला पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाचं शंभर तोळ्यांहून अधिक सोनं संशयावरून जप्त केलं; मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पोलिसांचं काम हे सरकारचं सार्वभौम काम, त्यातल्या निष्काळजीपणाबद्दल सरकारवर भरपाईचा दावा चालत नाही. सरकारी वकील आजही हा निकाल काढतात.

दुसरी धारा आपल्या कामाची. १९६७ मध्ये मेमन महोमेद हाजी हसन प्रकरणात कस्टमने धरलेल्या ट्रकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जप्ती कायम होईपर्यंत सरकार हे दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यासारखं आहे, वस्तू नीट सांभाळून परत करण्याचं बंधन त्याच्यावर आहे. १९७७ मध्ये बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातले दागिने चोरीला गेले होते. न्यायालयाने वस्तू उरली नाही तर तिची किंमत मालकाला द्या असा आदेश दिला. आणि १९९४ मध्ये एन. नागेंद्र राव प्रकरणात, जप्त केलेलं खत आणि धान्य सरकारच्या ताब्यात खराब झालं तेव्हा, सार्वभौम कामाचा बचाव अशा ठिकाणी चालणार नाही असं म्हणून न्यायालयाने कस्तुरीलालचा अर्थ फारच आकुंचित केला. करार कायद्याच्या कलम १५१ चं मापही हेच आहे: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी. तुमच्या बाबतीत जोर असा की बंदूक जप्तच झाली नव्हती, वडिलांनी ती विश्वासाने जमा केली होती. ठेव म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट उदाहरणाने सांगता येणार नाही.

अडचण पुराव्याची आहे. जमा करताना बंदूक कशी होती हे कसं दाखवणार? तुमच्याकडची पावती म्हणजे साध्या कागदावर ‘एक दोनाली बंदूक जमा’ आणि खाली तारीख, सही. पावतीत खरं म्हणजे मेक, दोन्ही नळ्यांवरचा आणि ॲक्शनवरचा (नळ्यांमागच्या यंत्रणेवरचा) क्रमांक, नळीची लांबी, दस्त्याची अवस्था आणि काडतुसांची मोजून संख्या लिहून घ्यायला हवी. ठाण्यात कोणी लिहून देत नसेल तर आपणच दोन प्रतींत अर्ज लिहून न्यावा, सोबत फोटो, आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. आता गेलं ते गेलं. पण परवाना नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासणी झाली असेल, तर त्या तपासणीत शस्त्र ‘सुस्थितीत’ असल्याचा शेरा असू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयातून त्याची प्रत काढा. शेतात बंदूक हातात घेतलेला वडिलांचा मोबाईलवरचा जुना फोटो असेल तर तोही तारखेसकट जपा.

मग आताच्या अवस्थेचा पुरावा. ठाणे अंमलदाराकडे लेखी अर्ज करा की परवानाधारक बंदूक-कारागिराच्या उपस्थितीत पाहणी करून पंचनामा करावा आणि तेलपाणी करण्याची परवानगी द्यावी. नाकारलं तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना. दुरुस्तीचा अंदाज आणि किंमत विक्रेत्याकडून लेटरहेडवर घ्या. किंमत ठरवताना खरेदीची जुनी पावती दाखवू नका. वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनरची बंदूक आजोबांनी शे-दोनशे रुपयांना घेतलेली असू शकते. ऐंशीच्या दशकापासून खासगी माणसाला परदेशी शस्त्र आणणं जवळपास बंद आहे, त्यामुळे जुन्या विलायती बंदुकीला आजच्या बाजारात जी किंमत येईल ती मागायची.

दाव्याच्या मुदती गुंतागुंतीच्या आहेत आणि इथे बरेच दावे मरतात. सरकारवर दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ठेवलेली वस्तू परत मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७० प्रमाणे, मागूनही नकार मिळाल्यापासून तीन वर्षं मिळतात. पण नुसती भरपाई मागितली की सरकारी वकील अनुच्छेद ७२ पुढे करतो, कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दलच्या भरपाईला एक वर्षच. आणि पोलीस अधिकाऱ्याला व्यक्तिशः प्रतिवादी केलंत तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ची सहा महिन्यांची मर्यादा आडवी येते, शिवाय शस्त्र अधिनियमाच्या कलम ४० मधलं सद्भावनेचं संरक्षणही. म्हणून दावा राज्य सरकारवर लावा, मुख्य मागणी ‘बंदूक सुस्थितीत परत द्या, नाहीतर किंमत द्या’ अशी ठेवा, आणि अधिकाऱ्याला नावाने ओढण्याचा मोह टाळा. त्या अधिकाऱ्याची बदलीही एव्हाना झालेली असेल. बंदूक अजून त्यांच्याच ताब्यात आहे, म्हणजे सांभाळण्याचं कर्तव्य आणि त्याचा भंग रोज चालू आहे. मुदतीच्या आक्षेपावर हा तुमचा जबाब. तरी पुढचा पावसाळा येऊ देऊ नका.

एक प्रामाणिक मत: दुरुस्तीचा खर्च पंधरा-वीस हजारांत भागत असेल तर दिवाणी दावा परवडणार नाही. रिट याचिका करायची वेळ आलीच तर तीतच बंदूक परत देण्यासोबत दुरुस्तीच्या खर्चाची मागणी जोडा. किमती विलायती बंदूक असेल तरच वेगळा दावा.

अमेरिकेत स्थायिक झालेले काही मराठी वाचक हाच प्रश्न विचारतात, म्हणून दोन ओळी. तिथल्या घरमालकाच्या नेहमीच्या पॉलिसीतही सरकारी आदेशाने झालेली जप्ती किंवा नाश वगळलेला असतो, आणि बंदुकांच्या चोरीला एकूण सामानाच्या विम्यात बहुधा अडीच हजार डॉलरची वेगळी मर्यादा असते. त्यापुढे स्वतंत्र यादी करून हप्ता भरावा लागतो. स्वसंरक्षणाच्या खटल्याचा खर्च देणाऱ्या सदस्यत्व योजना मुख्यतः वकिलाची फी देतात, नेलेल्या बंदुकीचा बदला काही मोजक्याच देतात. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी लोकांच्या कायदेशीर बंदुका गोळा केल्या, पुष्कळांना पावतीही दिली नाही. ते प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, २००६ मध्ये काँग्रेसने आपत्तीच्या काळात अशा जप्तीला मनाई करणारा कायदा केला. तिथेही विमा कामाला आला नाही, कोर्टच आलं. घरात अनुक्रमांकांची यादी आणि फोटो ठेवा, एवढंच.

शेवटी वडिलांबद्दल. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर त्याच्या हयातीतच शस्त्र कायदेशीर वारसाकडे देण्यासाठी वारसाला परवान्याचा अर्ज करता येतो. वडील ७२ चे आहेत. अपील चालू असतानाच तुमच्या नावाने अर्ज टाकून ठेवा. आरोप वडिलांवर आहे, तुमच्यावर नाही. तुमचा पोलीस अहवाल स्वच्छ आला तर जिल्हाधिकाऱ्यांनाही सुटकेचा मार्ग मिळतो आणि अशा मधल्या वाटा अधिकाऱ्यांना आवडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं बाळगता येतात, तेव्हा तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर हे जमणार नाही. आणि परवाना कुणालाच मिळाला नाही, तरी कलम २१ खाली जमा शस्त्र पात्र माणसाला विकून पैसे घ्यायचा हक्क वडिलांचाच राहतो. विहित मुदत उलटली तर मात्र जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. निलंबन चालू असेपर्यंत तसं करता येत नाही, आणि त्यापूर्वी लेखी नोटीस देऊन ३० दिवसांत म्हणणं मागवावंच लागतं. ती नोटीस बंदूक जमा करणाऱ्याच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या पत्त्यावर येईल. गावच्या घरी पोस्टमन आला की पाकीट घ्यायला कोणीतरी असेल एवढं बघा.